फिरती हळद

धन्यकुमार मगदुमांची हळद साताऱ्यात खपली, तर नाथाजी फाळके यांच्या पदरात पडणार होतं ते असं: पुडीमागं पाच पैसे दलाली, मंगळवार पेठेतल्या घरावर 'एजंट, सातारा जिल्हा' अशी पत्र्याची पाटी, आणि मेहुण्याच्या थेटरात बॅटरी न धरण्याचा हक्क. पहिल्या दोहोंवाचून त्यांचं अडलं नसतं. फौजेची पेन्शन महिन्याच्या महिन्याला येत होती आणि पाटीवाचून कुणी उपाशी मरत नाही. तिसऱ्यावाचून मात्र जगणं कठीण होतं.

मेहुणा म्हणजे मनुबाईंचा धाकटा भाऊ, लालासाहेब. साताऱ्यात त्याचं थेटर होतं आणि त्याच्या बोलण्यात माया होती. नाथाजी रसद खात्यातून हवालदार होऊन कायमचे घरी आले, त्याच आठवड्यात तो पेढे घेऊन आला.

"दाजी, घरात बसून काय करताय? आमच्याकडं या. अंधारात लोकांस्नी खुर्च्या दाखवायच्या. बॅटरी आमची, सेल आमचे."

ज्या माणसानं लडाखात अख्ख्या पलटणीला पीठ पुरवलं होतं, त्यानं विचारलं, "पगार?"

"घरच्या माणसाला कसला पगार, दाजी? चहा हाय. शिनेमा फुकट हाय."

मनुबाईंना यात काही वावगं दिसलं नाही. पाठचा भाऊ एवढं म्हणतोय, तर नवऱ्यानं चार तास उभं राहायला काय हरकत. तेव्हा नाथाजींनी सांगलीची एस.टी. धरली.

सांगलीत धन्यकुमार मगदूम हळदीचे व्यापारी. दोघांची ओळख जुनी आणि कडू. नाथाजी पुण्याच्या डेपोत असताना त्यांनी धन्यकुमारांचा एक ट्रक ओलसर हळदीपायी परत पाठवला होता. धन्यकुमारांनी त्यांना तेव्हा शिव्या दिल्या, नंतर मान दिला. "माझी गाडी परत लावणारा एकच माणूस जन्मला ओ," असं ते पेढीवर सांगत, आणि सांगताना आपली पुढची प्रत्येक गाडी कशी पास झाली, हेही सांगत.

नाथाजींनी पेढीवरच्या फरशीवर सांडलेल्या हळदीत बोटानं एक गोल काढला. फौजेत एका मद्रासी कॅप्टनसाहेबानं त्यांना रसदीचा कोर्स दिला होता. त्याचं सार इतकंच, की जगात कुठली वस्तू एकटी नसते. चार दोऱ्या असतात, एक ओढली की बाकीच्या तीन हालतात. नाथाजींना त्यातली पहिली दोरी पक्की पाठ होती.

"आण्णा, बगा. संक्रांत आली. स्टील म्हाग झालंय. बायकांस्नी वाण काय द्यावं कळंना. आपुन छापील पुडीत हळद देऊ, आट आण्याला. एक बाई हळदीकुंकू करती, तिच्याकडं वीसजणी येत्यात. त्या वीसजणी आपापल्या घरी करत्यात. परत्येकीकडं आनि वीस. पुडीच पुडीला इकती. आपुन फकस्त पयला धक्का द्याचा."

धन्यकुमारांनी गोलाकडं पाहिलं. "चाक उतारावर बी आपसूक फिरतंय ओ, हवालदार," ते म्हणाले. पण दोन पोती हळद दळून, पुड्या बांधून, वर 'तीन मोर छाप' असं छापून त्यांनी साताऱ्याला पाठवली. पुडीच्या पाठीवर पेढीचा पूर्ण पत्ता होता. मोर लहान होते, पत्ता मोठा होता.

ते चौऱ्याहत्तर साल. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचा मोसम, आणि त्या साली पंचांगानं घाई केली होती: मध्ये जेमतेम पंधरवडा. बायकांची धांदल उडाली. सकाळी एकीकडं, दुपारी दुसरीकडं, संध्याकाळी आपल्या घरी. घेतलेल्या पुडीकडं बघायला कुणाला सवड नव्हती; जी ती आधीच नव्या पुड्या घेऊन बसलेली. दोन पोती संपली. तिसरं मागवलं, तेही संपलं. नाथाजी पेठेतून चालताना पलटणीपुढून चालल्यासारखे चालू लागले.

त्या मोसमाच्या शेवटी सांगलीत एक घटना घडली, जिच्याकडं लक्ष दिलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. धन्यकुमारांची बायको कस्तुरी कराडला मावसबहिणीच्या हळदीकुंकवाला जाऊन आली आणि वाण म्हणून घेऊन आली ती तीन मोर छाप पुडी. सांगलीची हळद साताऱ्याला जाऊन, कराडावरनं, ज्या पेढीतून निघाली तिच्याच माडीवर पोचली होती.

"बगितलंस?" धन्यकुमार म्हणाले. "माल कुठवर गेला."

"ही फोडलेली न्हाई ओ," कस्तुरी म्हणाली.

"फोडतील कशाला? वाण हाय."

"तेच तर."

पण धन्यकुमार आपलाच पत्ता आपल्याच घरात बसून वाचत होते आणि त्यांना फार बरं वाटत होतं.

पुढच्या साली त्यांनी आठपट माल बांधला. व्यवहार असा ठरला: निम्मे पैसे नाथाजींनी आधी भरायचे. रथसप्तमीपर्यंत सगळा माल गेला, तर जिल्ह्याची एजन्सी कायमची. राहिला, तर राहिलेला माल नाथाजींचा आणि एजन्सी कुणाचीच नाही. नाथाजींनी फौजेतून आणलेली शिल्लक मोजून दिली. घरी येऊन त्यांनी मनुबाईंना सांगितलं नाही, आणि मनुबाईंना ते दुसऱ्या दिवशी कळलं.

"भरला पैसा बुडाला तर?" त्यांनी विचारलं.

"तर जातो तुज्या भावाकडं बॅटरी धरायला."

"तसं लिहून द्या," मनुबाई म्हणाल्या, आणि भाकरी थापत राहिल्या.

पंचाहत्तरची संक्रांत आली. नाथाजींच्या आतल्या खोलीत खोकी आढ्याला लागली होती. अंथरुणं पिवळी, उशा पिवळ्या, मांजर पिवळं. संक्रांत झाली, आणि काहीच झालं नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं नाही, दारावर गिऱ्हाईक नाही. त्या साली रथसप्तमी लांब पडली होती, पार महिन्याच्या पलीकडं, म्हणून नाथाजी आधी बेफिकीर होते. मोसम मोठा म्हणजे खप मोठा, असा त्यांचा हिशेब. आठवडा गेला तेव्हा ते दारात बसू लागले.

नळावर मनुबाई आणि तलाठ्याची बायको हरणाबाई यांचं रोज एकच बोलणं चाले.

"हरणाबाई, औंदा हळदीकुंकू कवा करताय?"

"तुमचं झालं की आमचं."

"आमच्या घरात पाय ठेवाया जागा न्हाई, खोकीच खोकी. तुमीच करा की आदी."

"छ्या. मोठ्या घरानं आदी करावं."

"मग तुमीच की."

"आमी कसलं मोठं? तलाठ्याचं घर म्हंजे दुसऱ्याच्या जमिनी लिवायच्या."

मंगळवार पेठेत माणसं इतकी नम्र कधीच नव्हती. जी ती दुसरीला पहिला मान देत होती, आणि घ्यायला कुणी तयार नव्हती.

लालासाहेब एकदा डोकावून गेला. खोक्यांकडं पाहून जिभेनं चक् असा आवाज केला. "दाजी, शुक्रवारी नवा खेळ लागतोय. गर्दी हुनार. बॅटरीत सेल घालून ठिवतो."

त्या दिवशी नाथाजींनी मनुबाईंना हाक मारली. "अगं, कुनी न्हाई तर तू कर. एजंटाच्या बायकूनं पुढं व्हायला पायजे."

"करनार की. रथसप्तमीला."

"तवाच का?"

"तवर पुड्या गोळा हुतील की. चार घरी जाऊन आलं म्हंजे पुरतील एवड्या येत्यात."

"आनि ह्या कुनाच्या?" नाथाजींनी आढ्यापर्यंत हात केला.

"त्या इकतच्या हायत," मनुबाई म्हणाल्या, आणि नवऱ्याची फौजेतली काळी ट्रंक ओढून तिचं झाकण उघडलं. आत गणवेशाच्या घडीवर तीन मोर छाप पुड्यांची चवड होती. एकीचाही दोरा सुटलेला नव्हता. "ह्या गेल्या सालच्या. आनि थोड्या आल्या म्हंजे माजं भागलं. इकत कशाला घ्याच्या?"

"बाकीच्या बायका बी अशाच?"

"मग त्या काय येड्या हायत?"

"आगं, पन हळद हाय ती. आमटीत घालायची."

"वाण कुनी आमटीत घालतं व्हय? आनि गावाकडनं शेतातली हळद येती की दर साली. ही द्यायची हळद हाय. खायाची न्हवं."

नाथाजी ट्रंकेच्या कडेवर बसले. कॅप्टनसाहेबाच्या बाकीच्या तीन दोऱ्या त्यांना आता एकदम दिसल्या. गेल्या साली जो माल खपला म्हणून ते पेठेतून छाती काढून चालले, तो खपला नव्हता. तो बदलीवर होता. या ठाण्यातून त्या ठाण्यात, सामानासकट. गेल्या साली मोसम आखूड, म्हणून बायकांना मिळालेली पुडी पुढं ढकलायला वेळ नव्हता, त्यांनी विकत घेतल्या. औंदा वेळच वेळ. जी आधी हळदीकुंकू करील तिला पुड्या विकत घ्याव्या लागणार, जी शेवटी करील तिला फुकट पडणार. तेव्हा प्रत्येकीला शेवटची व्हायचं होतं. सगळी पेठ रथसप्तमीच्या संध्याकाळी एकदम हळदीकुंकू करायच्या बेतात होती. म्हणजे बोलावणारी घरोघर आणि जाणारी एकही नाही.

त्यांनी धन्यकुमारांना तार केली. तारेत एवढंच होतं: माल फिरतोय, या.

धन्यकुमारांनी 'माल फिरतोय' याचा अर्थ माल जातोय असा घेतला आणि ते एस.टी.तून हसत उतरले. खोकी पाहिल्यावर हसू राहिलं नाही. खाली सतरंजीवर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. व्यापाऱ्याला दुखणं सांगितलं की तो आधी औषध सांगतो आणि मग दुखणं विचारतो. "टांगा करू," ते म्हणाले. "वर कर्णा लावू. गावभर ओरडू द्या. पुडीसंगं एक फणी फुकट."

"फणी बी फिरंल, आण्णा."

"भाव कमी करू."

"फुकट मिळतीया त्यांस्नी. फुकटापरीस कमी भाव कसा लावायचा?"

"मग आणखी चार गावांत..."

"टाकी भरलीया, आन् तुमी नळ मोठा करताय," नाथाजी म्हणाले. "डेपोत आमी बुटाचं पॉलिश देत हुतो. दर महिन्याला मागनी. आमी वर कळवायचो, खप वाढला. एक दिवस साहेबांनी जवानांच्या पेट्या उगडल्या. परत्येकाकडं डबी, आन् एकाची बी फोडलेली न्हाई. इन्स्पेक्शनला चकचकीत दिसावी म्हणून ठेवलेली. बूट थुकीनं पुसायचे. तवा मी हसलो हुतो."

"आता हसा की," धन्यकुमार म्हणाले.

दोघं खोक्यांकडं बघत बसले. टाकीला भोक पाडायला हवं, इथवर दोघांचं एकमत होतं. कुठं, ते सुचत नव्हतं.

मनुबाईंनी चहा ठेवला आणि ट्रंक उघडली. त्यांना दुसऱ्या दिवशी पालीला जायचं होतं. पौषातली खंडोबाची जत्रा, कराडच्या अलीकडं वळलं की पाली. भंडारा हवा होता. त्यांनी चवडीतल्या दोन पुड्या घेतल्या, दाताखाली दोरा धरून तोडला, आणि हळद फडक्यात ओतली.

"फोडली," धन्यकुमार हळूच म्हणाले.

दोन सालांत दोघांनी पाहिलेली ती पहिली फुटलेली पुडी होती. त्यांनी कपातला चहा तसाच धरून ठेवला.

"वैनी," धन्यकुमारांनी विचारलं, "वाणाची हळद देवाला चालती?"

"न चालाया काय झालं? सवाशिनीच्या हातची हाय. उलट बरी."

"आन् उधळल्यावर?"

"उधळल्यावर काय? उधळली. भंडारा कुनी परत आणतं व्हय घरला?"

नाथाजी उठून उभे राहिले. देव्हाऱ्याकडं तोंड करून त्यांनी हात जोडले. "एजन्सी मिळाली, तर दर साली सगळ्या पेठंतर्फे तुज्यावर भंडारा उधळीन. अनवाणी येईन."

"ह्यो नवस कवा बोलला?" मनुबाई.

"आत्ता. ऐकलं न्हाई?"

"देवाला बी एजन्सीत घेतलं म्हना की," मनुबाई म्हणाल्या. पण नवस हा नवस असतो. शिवाय बुडणारा पैसा घरचा होता, हे त्या दहा दिवसांपासून रोज दोनदा बोलून दाखवत होत्या. त्यांनी वेताची पाटी उचलली आणि पेठेत निघाल्या.

आधी रंगूबाईंचं घर. रंगूबाई भाविक, त्यांनी होत्या तेवढ्या सात पुड्या निमूट पाटीत टाकल्या. मग हरणाबाई.

"आमच्यांनी नवस बोललाय. पेठंतल्या सवाशिनींच्या वाणाचा भंडारा देवावर उधळायचा. तुमच्या किती?"

हरणाबाईंनी आतून दोन पुड्या आणल्या. मनुबाईंनी त्या घेतल्या, कपाळाला लावल्या, पाटीत टाकल्या. जाता जाता सहज म्हणाल्या, "रंगूबाईनी सात दिल्या."

हरणाबाई पुन्हा आत गेल्या. आतून डबे आपटल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा पदराच्या ओच्यात अकरा होत्या. "देवाचं हाय," त्या म्हणाल्या. "मोजायचं न्हाई."

मनुबाईंनी मोजलं नाही. पुढच्या घरी नुसतं सांगितलं, की हरणाबाईनी ओचा भरून दिल्या. ज्या पेठेत पहिला मान घ्यायला कुणी तयार नव्हतं, तिथं आता दुसरीला मागं टाकायची चढाओढ लागली. रात्री खोलीत फोडलेल्या कागदांचा ढीग झाला, आणि एस.टी.च्या टपावर पोती चढली.

पालीला तारळी नदीच्या वाळवंटात माणसांना माणसं दिसत नव्हती. नाथाजी अनवाणी, ओंजळी भरभरून उधळत होते. दरेक ओंजळीबरोबर पेठेतली एकेक ट्रंक रिकामी होत होती. धन्यकुमार जैन, ते आधी बाजूला उभे होते. "आपला देव निराळा, हवालदार," ते म्हणाले.

"हळद तर तुमचीच हाय, आण्णा."

"ते खरं." थोड्या वेळानं त्यांच्या टोपीपासून जोड्यापर्यंत सगळं पिवळं झालं. डोळे मात्र स्वच्छ होते, आणि ते डोळे माणसं मोजत होते. "हवालदार," त्यांनी कानाशी येऊन विचारलं, "हे सगळे भंडारा कुठनं घेत्यात?"

पेठेत परतल्यावर दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी हरणाबाईंनी हिशेब केला असावा. वाट बघायची ती दुसरीकडून पुड्या मिळतात म्हणून. आता कुणाच्याच घरी पुडी नव्हती. मग वाट कशाची बघायची? त्यांनी घरोघर बोलावणं धाडलं आणि मागच्या दारानं नाथाजींकडं येऊन पुड्या घेतल्या. मागचं दार अशासाठी, की चार दिवसांपूर्वी देवाला दिलेली वस्तू पुन्हा विकत घेताना पुढून येणं बरं दिसत नाही. नंतर सगळ्याच मागच्या दारानं येऊ लागल्या आणि तिथं रांग लागली. रथसप्तमीच्या आधी आतल्या खोलीची भिंत दिसू लागली.

पाटी लावायला धन्यकुमार स्वतः आले. "पुढल्या साली सोळापट?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. औंदाएवडंच."

"म्हंजे धंदा वाढवायचाच न्हाई?"

"देवावर जेवडी उधळली जाईल तेवडीच घरात भरायची. जास्त भरली की पुन्यांदा फिराया लागंल. पालीत माणूस वाढला की आपुन बी वाढू."

धन्यकुमारांना हे पटलं नाही. पण गेल्या साली चाकाचं त्यांना पटलं होतं आणि काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं, म्हणून त्यांनी पाटीचा खिळा ठोकला. सांगलीला गेल्यावर कस्तुरीला म्हणाले, "हवालदार फार भित्रा हाय." कस्तुरी म्हणाली, "पुडी फोडून बगतो, एवडंच."

आता कोणी काय मिळवलं आणि कोणी काय भरलं, ते.

धन्यकुमारांनी पुढच्या पौषात पालीला सुट्या भंडाऱ्याचं दुकान टाकलं. छपाई नाही, मोर नाहीत, पत्ता नाही; नफा पुडीपेक्षा बरा. खंडोबाला हळद मिळाली, आणि त्यानं कुणाकडं मागितली नव्हती. नाथाजींना पाटी मिळाली, दलाली मिळाली, आणि दर पौषात पायाला फोड मिळू लागले. दलालीतून फोड वजा जाता शिल्लक समाधानकारक होती. लालासाहेबाला बॅटरी धरायला पगारी माणूस ठेवावा लागला. पेठेतल्या बायकांनी एकाच वाणाचे पैसे दोनदा भरले, एकदा शेजारणीसाठी आणि एकदा देवासाठी; दोन्ही खेपेला पैसे तांदळाच्या डब्यातले होते, त्यामुळं पुरुषांच्या हिशेबात ते कुठंच दिसले नाहीत.

राहिल्या मनुबाई. ट्रंकेतली चवड त्यांनी देवाला दिली होती, पाटी डोक्यावर घेऊन पेठ त्यांनी पालथी घातली होती. रथसप्तमीला त्यांचं हळदीकुंकू होतं. सकाळी त्यांनी शेवटच्या खोक्यातल्या पुड्या काढायला हात घातला, तर नाथाजी म्हणाले, "एजंटाच्या घरात फुकट माल गेला तर हिशेब बसत न्हाई." मनुबाईंनी नवऱ्याकडं एकदा पाहिलं, डबा आणला, आणि आठ आण्यांप्रमाणे सगळ्या पुड्यांचे पैसे त्यांच्यासमोर मांडले. नाथाजींनी ते घेतले. त्या पुड्यांवरची पाच-पाच पैसे दलालीही त्यांनी घेतली.